लाकडी घर करकरते तेव्हा: आधी वेळ आणि जागा टिपा, मग हातोडा उचला

माननीय संपादक,
स. न.

पावसाळा तोंडावर आला की जुन्या नाशिकमधल्या धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा निघतात, आपल्या दैनिकात त्याच्या बातम्या येतात आणि लाकडी घरात राहणाऱ्यांची झोप उडते. रात्री तुळई कडाडली की घर आता बसणार अशी धास्ती. दुसरीकडे, "जुने घर आहे, कुरकुरणारच" म्हणून खरा इशाराही कानाआड करणारी घरे आहेत. भद्रकाली, तांबट लेन, सराफ बाजार, पंचवटी या भागांत सुतारकाम आणि घरदुरुस्ती करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे दोन्ही प्रकार दिसतात. आवाज कशाने, कधी आणि नेमका कुठून येतो एवढे कळले तर बहुतेक घरांची करकर थोड्या खर्चात थांबते, आणि जिच्यात धोका असतो ती वेळेवर ओळखू येते. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

मूळ कारण हवा. लाकूड कितीही जुने असले तरी हवेतली ओल घेते आणि सोडते. नाशिकला एप्रिल-मेच्या दुपारी आर्द्रता २० ते २५ टक्क्यांपर्यंत उतरते, जुलै-ऑगस्टमध्ये ती ८५ च्या पुढे जाते. पहिल्या हवेत बराच काळ राहिलेले लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास पाणी धरते, दुसऱ्या हवेत १७-१८ टक्के. जाड तुळईच्या पोटापर्यंत हा फरक पोहोचत नाही, पण इंचभर जाडीच्या फळीत ५ टक्क्यांची वर-खाली दरवर्षी होते. आता साग घ्या. ओल्या सागाचे लाकूड पूर्ण सुकेपर्यंत वर्षावलयांच्या दिशेने सुमारे साडेपाच टक्के आकसते, गाभ्याकडून सालीकडे सुमारे अडीच टक्के, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणजे ९ इंच रुंद फळीतली ओल ५ टक्क्यांनी उतरली तर ती साधारण २ मिलिमीटरने अरुंद होते. १० फूट रुंद खोलीत अशा तेरा फळ्या बसतात. उन्हाळ्यात त्यांच्या फटी मिळून इंचभर होतात. खिळा मात्र होता तिथेच असतो. खिळा लाकडाला धरतो तो केवळ घर्षणाने. भोवतीचे लाकूड दरवर्षी फुगून-आकसून भोक मोठे करते, पकड सुटते, आणि पाय पडला की फळी खिळ्यावर वर-खाली सरकते. दोन पृष्ठभाग एकमेकांना धरतात, ताण वाढतो, मग एकदम सुटतात. प्रत्येक सुटण्याला एक आवाज. एका सेकंदात असे पुष्कळदा घडले की त्याची करकर होते, एकदाच मोठा ताण सुटला की ठाप्पकन आवाज येतो.

त्यामुळे पहिले काम वही-पेन्सिलचे. आठवडाभर तीन गोष्टी टिपा: आवाज किती वाजता आला, कोणत्या खणातून (दोन तुळयांमधल्या भागातून) आला, आणि कोणी चालत होते की आपोआप आला. चालल्यावर येणारा आवाज जवळजवळ नेहमी फळी, कडी (फळ्यांखालचे आडवे बारीक लाकूड) किंवा जिन्याचा असतो. सूर्य मावळल्यानंतरच्या दोन-तीन तासांत आपोआप येणारे ठाप-ठाप हे बहुधा छताचे असते, आणि पुष्कळदा ते लाकडाचे नसतेच. कौले काढून पत्रे टाकलेले वाडे आता गावभर आहेत. १० फुटी पत्रा मेच्या दुपारी ६५ अंशांपर्यंत तापून रात्री २५ वर आला तर त्याची लांबी जवळपास दीड मिलिमीटरने कमी होते. त्याच्याखालचा लाकडी वासा लांबीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच हलतो. पत्रा वाशाला धरणारा जे-हुक करकचून आवळलेला असला की पत्रा अडतो आणि मग झटक्याने सुटतो. खात्री करायची असेल तर दिवस मावळताना तापलेल्या पत्र्यावर बादलीभर पाणी टाका. तोच आवाज लगेच आला तर दोष पत्र्याचा. इलाज साधा आहे: ८ मिलिमीटरच्या हुकासाठी पत्र्याला ११ मिलिमीटरचे छिद्र, वर रबरी वॉशर, नट हाताने बसवून वर अर्धाच फेरा, आणि वासा व पत्रा यांच्यामध्ये जाड नमद्याची (फेल्टची) किंवा रबराची पट्टी. यासाठी तुळईला हात लावायची गरज नाही, तरी पत्र्याच्या आवाजापायी तुळईला लोखंडी पट्ट्या ठोकलेली घरे आम्हाला दिसतात.

चालताना येणाऱ्या आवाजाची जागा शोधायला दोन माणसे लागतात. एकाने वर टाच टेकवून एकेका फळीवर हळूहळू वजन द्यायचे, दुसऱ्याने खालच्या खोलीत स्टुलावर चढून कडीला तळहात लावायचा. आवाज कानाला फसवतो, कारण तो लाकडातून दूरवर जातो. तळहाताला लागणारी थरथर फसवत नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक कडीला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावले तर जागा आणखी नेमकी सापडते. सापडली की खडूने खूण करा. बहुतेक वेळा दहा ठिकाणांहून येतो असे वाटणारा आवाज दोन-तीन फळ्यांपुरता निघतो.

इथे आपल्या वाड्यांची बांधणी लक्षात घ्यायला हवी. खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या, आणि जिथे माडीची जमीन मातीची आहे तिथे फळ्यांवर ५-६ इंच पांढरी माती किंवा मुरूम, वर शेणाचे सारवण किंवा शहाबादी फरशी. ही माती चौरस मीटरला २५० किलोच्या आसपास भरते. तिच्या वजनाने फळ्या कड्यांवर दाबून बसतात, म्हणून मातीची माडी सहसा गप्प असते. अशी माडी अचानक बोलू लागली तर ती गोष्ट उघड्या फळ्यांच्या करकरीपेक्षा गंभीर समजावी. कारण मग हलते आहे ते फळीच्या खालचे काहीतरी. आणि अशाच माडीवर लोक नवी फरशी बसवतात. ५ सेंटिमीटर सिमेंटचा थर आणि वर टाइल म्हणजे चौरस मीटरला १२० किलोची भर. १० बाय १२ च्या खोलीत सव्वा टनाच्या वर. त्यात गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी ठेवली की आणखी एक टन, तोही चार पायांवर. फरशी बदलायचीच असेल तर आधी जुनी माती उतरवा, कड्या पाहून घ्या, आणि मगच हलका थर घाला. काम सलग एका बाजूने करू नका. खोलीच्या मध्यापासून दोन्हीकडे सारखी माती उतरवावी, नाहीतर तुळईवरचा भार एकाच बाजूला राहून सांधा पिळला जातो.

उघड्या फळ्यांची माडी असेल तर दुरुस्ती वरून करता येते. जुना खिळा पुन्हा ठोकू नये. भोक आधीच मोठे झालेले असते. पंधरवड्यात आवाज परत येतो आणि फळीच्या टोकाला चीर जाते ती वेगळीच. खिळा काढा आणि त्याच्याजवळच, जुने भोक चुकवून, स्क्रू घाला. इंचभर जाडीच्या सागवानी फळीला ८ नंबरचा २ इंची स्क्रू पुरतो. फळीत साडेचार मिलिमीटरचे छिद्र, खाली कडीत ३ मिलिमीटरचे. फळीतले छिद्र अरुंद ठेवले तर स्क्रूचे आटे फळीलाच धरतात आणि फळी कडीवर ओढली जात नाही, मग स्क्रू मारूनही आवाज तसाच राहतो. ही चूक फार सार्वत्रिक आहे. रुंद फळीला एका कडेचा स्क्रू घट्ट करा, दुसऱ्या कडेच्या स्क्रूला फळीत ६ मिलिमीटरचे छिद्र आणि वॉशर द्या, म्हणजे फळीला फुगायला-आकसायला वाव राहतो. दोन्ही कडा आवळल्या तर वैशाख सरायच्या आत फळी मधोमध चिरते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचा किंवा पितळी घ्या. ओल येणाऱ्या घरात साधे लोखंड सागात काळे डाग पाडते आणि गंजून आवाजाला नवे कारण देते. पितळी स्क्रू मऊ असतो, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्यावेत आणि आट्यांना मेण लावावे. साबण लावण्याची सवय आहे, पण तो ओल धरतो. डोके ५-६ मिलिमीटर खाली घालून वर जुन्याच सागाची गोल चकती, रेषा फळीच्या रेषेला जुळवून, बसवली की दुरुस्ती दिसतही नाही.

वरून जागा मिळत नसेल तर खालून. कडी आणि फळी यांच्यात फट दिसली तर सागाची पातळ पाचर घ्या, तिच्या एकाच बाजूला, कडीकडच्या, सरस लावा आणि बोटाने ढकलून बसेल एवढीच बसवा. हातोड्याने ठोकलेली पाचर फळी उचलते. या फळीचा आवाज थांबतो आणि शेजारच्या दोन फळ्या सुरू होतात. फट लांब असेल तर दीड इंच चौरस ठोकळा कडी-फळीच्या कोपऱ्यात दोन्हींना स्क्रूने जोडावा. वर फळीत जाणारा स्क्रू १५-१८ मिलिमीटरहून जास्त आत जाऊ देऊ नये; फळी २५ मिलिमीटरची असते आणि टोक वर आले तर ते अनवाणी पायात घुसते. फळीला फळी घासत असेल तर फटीत शंखजिऱ्याची किंवा ग्रॅफाइटची पूड मऊ ब्रशने सोडून वरून चालावे, म्हणजे ती आत उतरते. तेल मात्र नको. ते धूळ धरून चिकट होते.

दोन गोष्टींपासून कळकळीने परावृत्त करावेसे वाटते. उन्हाळ्यात फटी दिसतात म्हणून त्यांत पांढरे सिमेंट, एपॉक्सीची लांबी (पुट्टी) किंवा लाकडी भुशाचा लगदा भरतात. जुलैत फळी फुगते, तिला जायला जागा नसते, ती कडेने उचलली जाते आणि आधी शांत असलेली खोली करकरू लागते. दुसरी, फुगणारा फोम. तुळईचे टोक भिंतीत जाते तिथल्या पोकळीत हल्ली फोम मारतात. तो भार घेत नाही, ओल मात्र कोंडून ठेवतो. तिथे काय घडते ते पुढे येईलच.

जिन्याचे थोडक्यात. पायरीची आडवी फळी तिच्याखालच्या उभ्या फळीवर घासते, किंवा बाजूच्या दांड्यातल्या खाचेत सैल होते. मागून जाता येत असेल तर आडव्या-उभ्या फळीच्या कोपऱ्यात प्रत्येक पायरीला तीन त्रिकोणी ठोकळे, सरस आणि स्क्रू दोन्हींनी. दांड्यातल्या खाचेत खालून पाचर. मागून बंद असेल तर वरून पुढच्या कडेजवळ उभ्या फळीत तिरके स्क्रू, एक डावीकडे झुकलेला, एक उजवीकडे. सरळ मारलेला स्क्रू लवकर सुटतो.

खांब-तुळईचा सांधा हा सगळ्यांत जपून हाताळायचा भाग. खांबाच्या डोक्यावरचे कुसू (बारीक तासलेले टोक) तुळईच्या खाचेत बसलेले असते, आडवी खुंटी असते. सांधा सैल झाला की रस्त्यावरून जड वाहन गेल्यावर किंवा दार आपटल्यावर कट्ट असा एकच आवाज येतो. इथे दोन विरुद्ध दिशांच्या पाचरांची जोडी वापरावी. दोन्ही बाजूंनी एकमेकींवर सरकवल्या की दाब सपाट पडतो. एकच पाचर खाचेच्या एका कडेला रेटते आणि कडा फोडते. पाचरीचे लाकूड जुन्या सागाचे, पूर्ण सुकलेले हवे. ओल मोजायचा दोन सुयांचा छोटा मीटर आता सहज मिळतो. १० ते १२ टक्के दाखवेल तेच लाकूड घ्यावे. वखारीतून आणून त्याच दिवशी कापलेली पाचर होळीपर्यंत आकसून हातात येते. सुटलेली खुंटी नव्याने घालताना ती सागाच्या उभ्या चिरलेल्या तुकड्यातून तासावी, करवतीने कापलेल्या पट्टीतून नको, कारण करवत रेषा तोडते.

आणि हे काम करायचे कधी, हा प्रश्न कामाइतकाच महत्त्वाचा आहे. मे महिन्यात सांधा सर्वांत सैल दिसतो, म्हणून लोक तेव्हाच बोलावतात. मेमध्ये गच्च ठोकलेली पाचर श्रावणात फुगून खाच फाडते. भर पावसात सांधा घट्ट वाटतो आणि मोजमाप चुकते. दार पावसात अडकते म्हणून रंधा मारला तर एप्रिलमध्ये त्याच दाराला बोटभर फट पडते. दिवाळीनंतरचे दीड-दोन महिने, म्हणजे लाकूड ना फुगलेले ना आकसलेले असते तेव्हा, दुरुस्तीला चांगले. घाई नसेल तर मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये एकेकदा फटी मोजून लिहून ठेवा आणि काम कार्तिक-मार्गशीर्षात काढा. धोक्याची लक्षणे दिसत असतील तर अर्थातच महिना पाहत बसू नये.

ही लक्षणे कोणती, ते स्पष्ट सांगतो. एकच जागा, पूर्वी नसलेला आवाज, आणि आठवड्यागणिक वाढ. ऋतूच्या विरुद्ध वागणारे दार: पावसात अडणारे दार ठीक, पण भर उन्हाळ्यात अडू लागलेले दार म्हणजे चौकट पिळली गेली आहे. तुळईच्या टोकाखाली गिलाव्याचा भुगा पडणे, भिंतीत टोक शिरते तिथे काळपट डाग, खांबाजवळ वाळवीची मातीची नळी, फळीखाली पिठासारखी पूड. वाळवी स्वतः करकरत नाही. ती लाकूड आतून पोकळ करते आणि मग उरलेले पातळ लाकूड वाकताना बोलते. म्हणून हातोडीच्या दांड्याने तुळई ठोकत जा. भरीव लाकूड टणक वाजते, पोकळ लाकूड बद्द. अणकुचीदार स्क्रूड्रायव्हर हाताच्या जोराने दाबला असता निरोगी सागात दोन-तीन मिलिमीटरहून जास्त जात नाही. अर्धा इंच गेला तर तिथे कूज आहे.

सर्वाधिक धोका तुळईच्या भिंतीतल्या टोकात असतो आणि तेच टोक डोळ्याला दिसत नाही. लाकूड कुजायला त्यात २० टक्क्यांच्या वर ओल टिकून राहावी लागते. जुन्या भिंती माती-विटांच्या आणि चुन्याच्या गिलाव्याच्या होत्या. पावसात ओल आत येई आणि दसऱ्यानंतर बाहेर निघून जाई. त्याच भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिकचा रंग चढला की चिरांतून आलेले पाणी आतच राहते आणि ते भिंतीतल्या लाकडाच्या टोकात मुरते. तुळई मधे दगडासारखी टणक आणि टोकाला भुसा, अशी स्थिती होते. भार सरकत उरलेल्या चांगल्या दोन-तीन इंचांवर येतो, आणि मग तो खोल, दबका करकराट ऐकू येतो, जो कोणी चालत नसतानाही होतो. अशा वेळी टोकाभोवतीचा गिलावा जपून काढावा, मीटरने ओल मोजावी. टोक चांगले असेल तर दोन्ही बाजूंनी आणि मागे इंचभर हवेची जागा सोडावी, खाली दगडी किंवा जुन्या सागाची उशी, तिच्याखाली डांबरी नमद्याचा तुकडा, आणि बाहेरून तेवढ्या पट्ट्यात पुन्हा चुन्याचाच गिलावा. टोक कुजले असेल तर चांगल्या लाकडापर्यंत कापून नवा साग जोडणे किंवा दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनल बोल्टने बांधणे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या आकडेमोडीशिवाय करू नये.

टेकू देतानाही चुका होतात. माडीच्या तुळईला दिलेला टेकू तळमजल्याच्या फरशीवर उभा करतात; फरशीखाली भराव असतो, टेकू खाली जातो आणि तुळई पुन्हा बसते. टेकू भरावाखालच्या घट्ट जमिनीपर्यंत एकाच ओळंब्यात उतरला पाहिजे, खाली दोन इंची फळीवर आणि वर तुळईला आडव्या फळीवर टेकला पाहिजे. जॅकने उचलायचे तर दिवसाला एक-दोन मिलिमीटर, त्याहून नको. शंभर वर्षांत वाकलेली तुळई एका दुपारी सरळ केली तर वरच्या भिंतीला भेगा जातात. थोडा बाक हा दोष नसतोच. आयएस ८८३ या लाकडी बांधकामाच्या भारतीय मानकात साध्या तुळईच्या बाकाची मर्यादा गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) २४० व्या हिश्श्याइतकी दिली आहे; १२ फुटांच्या गाळ्याला ती १५ मिलिमीटर होते. जुन्या सागात बाक याहून जास्त आढळतो, कारण कायमच्या भाराखाली लाकूड वर्षानुवर्षे हळूहळू वाकत राहते. तो वाढतो आहे का, हे पाहायचे. तुळईच्या दोन टोकांना खिळे मारून दोरी ताणा, मधले अंतर मोजा, तारीख घालून तिथेच लिहा, दर महिन्याला पुन्हा मोजा. भेगेवर तीन इंची पातळ काचपट्टी एपॉक्सीने चिकटवा, पण गिलाव्यावर नव्हे, गिलावा खरवडून थेट विटेवर. पट्टी तडकली तर भिंत हलते आहे. खांबाला ओळंबा लावा. खांब तळखड्यावरून (खांबाखालच्या दगडावरून) सरकला असेल तर तो तिथेच दिसतो.

गोदाकाठच्या घरांना आणखी एक गोष्ट लागू. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत सराफ बाजार आणि दहीपूल परिसरात पाणी शिरले. पूर ओसरल्यावर लगेच नव्हे, तर काही आठवड्यांनी घर आवाज करू लागते, कारण जोत्यातली माती सुकताना बसते आणि खांब तळखड्यासकट किंचित खाली जातो. अशा घरात वरच्या सांध्यांत पाचरी मारून उपयोग नाही. आधी जोते पाहावे. भिजलेले खांब सावलीत, वाऱ्यावर सुकू द्यावेत. हॅलोजन किंवा हीटर लावून सुकवले तर वरचा थर आकसून उभ्या चिरा पडतात. सुकल्यावर जवसाच्या उकळलेल्या तेलाचे हात द्यावेत, पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन निम्मे-निम्मे. तेलाने ओलीची ये-जा मंदावते, थांबत नाही, आणि तेच हवे असते. मात्र तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा एकेक पसरून वाळवा.

गंगापूर धरण, त्र्यंबक रस्ता आणि इगतपुरीकडे हल्ली पूर्ण लाकडाची नवी घरे उभी राहत आहेत, ओंडके किंवा जाड फळ्या एकावर एक रचून. यांचा आवाज वेगळ्या कारणाने येतो. इथे भिंतीतले लाकूड आडवे असते, म्हणजे आकसण्याची दिशा उभी. भिंतीची उंचीच कमी होते. ओल्या लाकडाची भिंत पहिल्या काही वर्षांत फुटामागे अर्धा ते पाऊण इंच बसू शकते, भट्टीत सुकवलेली बरीच कमी. खिडकी-दाराच्या चौकटीवर मोकळी जागा सोडली नसेल तर भिंत चौकटीवर टेकते, काच तडकते आणि रात्री दणके बसतात. उभ्या खांबाखाली आट्यांचा जॅक ठेवून तो वेळोवेळी उतरवावा लागतो. घर घेणाऱ्याने विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारावेत: लाकूड बसवताना ओल किती टक्के होती, आणि चौकटींवर किती जागा सोडली आहे. इगतपुरीच्या पावसात हे न विचारता घेतलेले घर पुढे फार त्रास देते.

एसी आणि कूलरचेही सांगायला हवे. लाकडी खोलीत दिवसभर एसी आणि रात्री उघडी खिडकी, किंवा कूलरचा ओला झोत थेट तुळईच्या टोकावर, याने वर्षाचा ओलीचा फेरा रोजच होऊ लागतो. कूलरचे तोंड फिरवा, तेवढ्यानेही फरक पडतो.

शेवटी महापालिकेकडे आणि आपल्या वाचकांकडे मागणे. ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण मालकाने करून घ्यावे असे कायदा सांगतो. पण लाकडी वाड्यांच्या बाबतीत काँक्रीटच्या चाचण्या पुढे केल्या जातात. काँक्रीटवर ठोकून त्याची ताकद अजमावणारा रिबाउंड हॅमर लाकडाबद्दल काहीच सांगत नाही. वाड्याच्या अहवालात प्रत्येक तुळईच्या दोन्ही टोकांची ओल, स्क्रूड्रायव्हर किती आत गेला त्याची नोंद, बाकाचे माप आणि खांबांचा ओळंबा एवढे असलेच पाहिजे, आणि भाडेकरूंना त्याची प्रत मिळाली पाहिजे. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामे जुन्या गावात होतील तेव्हा अरुंद गल्ल्यांत रोलर कंपन बंद ठेवून, केवळ वजनावर चालवावा, आणि थर पातळ टाकून फेऱ्या वाढवाव्यात. काम सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंच्या वाड्यांच्या भेगांवर तारखेच्या काचपट्ट्या लावून त्यांचे फोटो ठेकेदार आणि घरमालक दोघांकडे राहावेत. पट्टी तडकली तर त्या गल्लीत रोलर त्याच दिवशी थांबला पाहिजे.

आपले,
लाकूडकाम आणि घरदुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक,
जुने नाशिक